नाव नवे, मुखपट्टी जुनी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२५च्या मे महिन्यातली गोष्ट. पुण्यात त्या वर्षी पाऊस लवकर आला आणि दवाखान्यात सर्दी-तापाची गर्दीही लवकर झाली. त्यातच वर्तमानपत्रांत करोनाच्या नव्या उपप्रकाराची बातमी आली. नाव काय, तर एनबी.१.८.१. मोटारीचा नंबर वाटावा असे ते नाव. पण त्या नावाने आमच्या दवाखान्याचा फोन दिवसभर वाजत ठेवला.

त्यातले तीन फोन सांगतो. पहिला एका आईचा. जूनमध्ये शाळा सुरू होणार, दोन्ही मुलांसाठी मास्क घेऊन ठेवू का? दुसरा, रोज पहाटे पर्वती चढणाऱ्या एका गृहस्थांचा. टेकडीवर जाताना मुखपट्टी लावावी का, की जाणेच बंद करावे? तिसरा फोन माझ्या शाळेतल्या गणिताच्या सरांचा. वय बहात्तर. चार वर्षांपूर्वी त्यांच्यावर मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आपले एक मूत्रपिंड दिले. शरीराने ते परके म्हणून झिडकारू नये यासाठी सर रोज प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेतात. आठ दिवसांवर भाचीचे लग्न होते. सर म्हणाले, "अरे डॉक्टर, मला जायचंय. पण मास्क लावून गेलो तर लोक हसतील, असं घरातले म्हणतात. काय करू?"

पहिल्या दोघांना मी सांगितले, गरज नाही. सरांना सांगितले, जरूर लावा. विषाणू एक, गाव एक, दिवस एक, आणि उत्तरे मात्र वेगळी. असे का, हे आज सांगायचे आहे. कारण नवे नाव आले की आपण सगळे मिळून एकच प्रश्न विचारतो, 'आता पुन्हा मास्क लावायचा का?' आणि सरकारने, डॉक्टरने किंवा टीव्हीने सगळ्यांसाठी एकच उत्तर द्यावे, अशी अपेक्षा करतो.

आधी हे नवे नाव येते कुठून ते पाहू.

छपाई नव्हती त्या काळी पोथ्या हाताने उतरवल्या जात. लेखनिक कितीही मन लावून लिहीत असला तरी कुठे काना सुटे, कुठे शब्द बदले. पुढचा लेखनिक ती चूक तशीच उतरवी आणि त्यात स्वतःची एक भर घाली. पिढ्या गेल्या की एकाच ग्रंथाचे अनेक पाठ तयार होत. ज्ञानेश्वरीचेही तसे झाले होते, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. विषाणूचे नेमके हेच होते. करोना विषाणूची पोथी सुमारे तीस हजार अक्षरांची आहे. माणसाच्या पेशीत शिरला की तो हीच पोथी पुन्हा पुन्हा उतरवतो, आणि उतरवताना चुका होतात. खरे तर या विषाणूकडे स्वतःचा एक मुद्रितशोधक असतो, त्यामुळे फ्लूच्या विषाणूच्या मानाने त्याच्या चुका कमी. तरीही साथीच्या सुरुवातीच्या काळात एका वंशावळीत महिन्याला साधारण दोन बदल टिकून राहत होते. आपण ज्याला उपप्रकार किंवा व्हेरिएंट म्हणतो, तो या पोथीचा एक पाठभेद.

बहुतेक पाठभेदांनी काही फरक पडत नाही. काही विषाणूलाच मारक ठरतात. एखादाच असा निघतो की त्याने विषाणूचे फावते. असा पाठभेद शोधण्यासाठी रुग्णांच्या नमुन्यांतील विषाणूची सगळी अक्षरे वाचावी लागतात. भारतात या कामासाठी डिसेंबर २०२० मध्ये 'इन्साकॉग' हे प्रयोगशाळांचे जाळे उभे राहिले. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था त्यात आहे. म्हणजे नवे नाव वर्तमानपत्रात येते याचा पहिला अर्थ इतकाच, की कोणीतरी लक्ष ठेवून वाचते आहे. वाचणे थांबले तर नावे येणार नाहीत, विषाणू मात्र बदलतच राहील. मला स्वतःला नावे न येण्याची भीती अधिक वाटते.

नावांचीही एक कथा आहे. २०२१च्या वसंतात विदर्भात, विशेषतः अमरावतीकडे, रुग्ण एकाएकी वाढले होते. त्या मार्चमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातल्या नमुन्यांत 'दुहेरी उत्परिवर्तन' आढळल्याचे जाहीर केले. त्याच कुळातून डेल्टा आला आणि जगभरची वर्तमानपत्रे त्याला 'भारतीय प्रकार' म्हणू लागली. देशाच्या नावाला डाग लागू नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ग्रीक अक्षरांची पद्धत आणली. त्यातले शेवटचे गाजलेले अक्षर ओमायक्रॉन, नोव्हेंबर २०२१ मधले. डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यात आणि सिंधुदुर्गात ज्याचे रुग्ण आढळल्याने ऐन पर्यटनाच्या दिवसांत धावपळ झाली तो जेएन.१, आणि माझा फोन वाजवणारा एनबी.१.८.१, हे ओमायक्रॉनच्याच गोतावळ्यातले. त्यांना ग्रीक अक्षर मिळाले नाही. नाव जितके दुर्बोध तितकी भीती जास्त, असा माझा दवाखान्यातला अनुभव आहे.

नव्या उपप्रकाराची बातमी वाचताना तीनच गोष्टी शोधाव्यात. तो आधीच्यापेक्षा वेगाने पसरतो का? लशीतून किंवा आधीच्या आजारातून मिळालेल्या प्रतिकारशक्तीला चकवतो का? आणि आजार अधिक गंभीर करतो का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर बहुधा 'थोडेफार हो' असेच येणार. तसे नसते तर तो आधीच्याला मागे टाकून पुढे आलाच नसता. ओमायक्रॉनच्या काटेरी प्रथिनात तीसहून अधिक बदल होते. जेएन.१ तर आधीच्या बीए.२.८६ पेक्षा त्या प्रथिनातल्या एका बदलाने वेगळा होता, आणि तेवढ्यावर त्याने जग व्यापले. खरा प्रश्न तिसरा. एनबी.१.८.१ ला २३ मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने 'देखरेखीखालील' उपप्रकारांत घातले, तेव्हा त्याने आजार अधिक तीव्र होतो असा पुरावा दिसलेला नव्हता. ही ओळ बातमीत होती. पण ती सहसा शेवटच्या परिच्छेदात असते, आणि तिथपर्यंत आपण जात नाही.

आणि बातमीच्या जागी मोबाइलवरचा निरोपच वाचला, तर मग विचारायलाच नको. डिसेंबर २०२२ मध्ये एक्सबीबी या उपप्रकाराबद्दल एक निरोप घरोघर फिरला. तो डेल्टाच्या पाचपट विषारी आहे, त्यात खोकलाही येत नाही आणि तापही येत नाही, असा मजकूर. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला तो खोटा असल्याचे जाहीर करावे लागले. गंमत म्हणजे एक्सबीबी तोवर काही महिने आपल्याकडे होताच. लोकांना तो होऊन गेला होता आणि नाव माहीत नसल्यामुळे कोणी घाबरलेही नव्हते.

इथे दुसऱ्या बाजूचा एक गैरसमजही सांगायला हवा. 'विषाणू जुना झाला की आपोआप सौम्य होतो' असे मोठमोठी माणसे छातीठोकपणे सांगतात. तसा काही नियम नाही. डेल्टा हा अल्फाच्या नंतर आला आणि तो अल्फापेक्षा उग्र होता. रुग्ण गंभीर होण्याच्या आधीच विषाणू पुढच्या माणसाकडे गेलेला असतो. मागे राहिलेल्याचे काय झाले याच्याशी त्याला देणेघेणे नसते. मग ओमायक्रॉन आपल्याला सौम्य का वाटला? काही अंशी तो विषाणू फुप्फुसात कमी खोल जात होता हे खरे. पण २०२२च्या जानेवारीत आपण बदललेलो होतो. एक तर डेल्टाने पोळून निघालो होतो आणि लसही घेतली होती. ज्यांनी घेतली नव्हती त्यांचे काय झाले ते हाँगकाँगमध्ये दिसले. तिथे दोन वर्षे विषाणू वेशीबाहेर रोखलेला होता, आणि वृद्धांपैकी, विशेषतः ऐंशीपुढच्यांपैकी, पुष्कळांनी लस टाळली होती. २०२२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच 'सौम्य' ओमायक्रॉनने तिथे काही आठवड्यांत हजारो म्हातारी माणसे नेली. म्हणून सौम्य की उग्र, हे नुसत्या विषाणूला विचारून भागत नाही. तो कोणाच्या घरात शिरला तेही विचारावे लागते. सरांचे घर आणि पर्वती चढणाऱ्या गृहस्थांचे घर वेगळे ते इथे.

आता मुखपट्टीकडे येऊ.

पुणेकरांना ती करोनाने शिकवली नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. दोन-चार दिवसांत शहरातल्या औषधांच्या दुकानांतले मास्क संपले, लोक हातरुमाल बांधून फिरू लागले. दुचाकीवरून जाणाऱ्या आपल्या मुली त्याआधीपासूनच ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळत होत्या, तो भाग वेगळा. तेव्हा आम्ही डॉक्टरही सांगत होतो की निरोग्याने बांधायची गरज नाही, खोकणाऱ्याने बांधा. पण भीतीचा हिशोब उलटा चालतो. खोकणारा मोकळ्या तोंडाने रांगेत उभा असे आणि धडधाकट माणूस दोन-दोन रुमाल बांधून.

मग २०२० आले. मुंबई महापालिकेने एप्रिल २०२० मध्ये मुखपट्टी सक्तीची केली, पुढे दोनशे रुपये दंड लावला, दंड वसूल करणारे मार्शल रस्त्यावर उभे केले. ती सक्ती राज्यात २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला उठली. त्या काळात ती आवश्यक होती असेच माझे मत आहे. पण दंडाने एक नुकसान केले. मुखपट्टी ही विषाणूपासून वाचण्याची वस्तू न राहता मार्शलपासून वाचण्याची वस्तू झाली. हेल्मेटचे आपण पुण्यात जे केले तेच हिचे केले. रस्त्यावर, मोकळ्या हवेत, एकटे चालताना नाकावर. आणि कचेरीच्या बंद खोलीत, चार डोकी जवळ आल्यावर, बोलायला सोयीचे म्हणून हनुवटीवर. जिथे तिचा उपयोग सर्वांत कमी तिथे ती चढे आणि जिथे सर्वांत जास्त तिथे ती उतरे.

या गोंधळाला नुसते लोक जबाबदार नव्हते. हा आजार थेंबांनी पसरतो, थेंब जड असतात, ते सहा फुटांच्या आत खाली पडतात, असे आम्हाला शिकवलेले. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तो हवेतून पसरत नाही असे ठासून सांगितले होते. जुलैमध्ये दोनशे एकोणचाळीस शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून, हवेकडे लक्ष द्या, अशी विनवणी केली. संघटनेने हवेतला प्रसार स्पष्ट शब्दांत मान्य करायला २०२१ उजाडले. तोवर आपण भाज्या धुतल्या, दाराच्या कड्या पुसल्या, आणि खिडक्या बंद ठेवल्या.

हवेतून पसरतो म्हणजे कसा? शेजारी कोणी बिडी ओढत असेल असे समजा. मैदानात तो दहा पावलांवर असला तर आपल्याला वासही येत नाही. बंद खोलीत तो कोपऱ्यात असला तरी पाच मिनिटांत आपले डोळे चुरचुरतात, आणि तो उठून गेल्यावरही धूर तिथेच राहतो. बाधित माणसाचा श्वास असाच पसरतो आणि साठतो. नुसता बोलला तरी, मोठ्याने गायला तर अधिकच. म्हणून कुठेही गेलात की मनात एवढेच विचारा: इथे कोणी बिडी ओढली तर मला वास येईल का? पर्वतीवर येणार नाही. लाल एसटीत खिडक्या उघड्या असल्या तर फारसा नाही. वातानुकूलित शिवनेरीत, दवाखान्याच्या ओपीडीत, लिफ्टमध्ये आणि काचा बंद केलेल्या मंगल कार्यालयात हमखास येईल. विषाणूचे नाव काहीही असो, हे गणित बदलत नाही. उपप्रकार बदलला म्हणून श्वासातला कण मोठा किंवा लहान होत नाही.

मुखपट्टी हा कण अडवते कशी? पुष्कळांना वाटते ती चाळणी आहे. मग शंका निघते, विषाणू चाळणीच्या भोकापेक्षा कितीतरी लहान, तो अडणार कसा? शंका रास्त आहे, पण मुळात ती चाळणी नाही. प्लॅस्टिकचा कंगवा केसांवरून फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेला तर कपटे उडी मारून चिकटतात. एन-९५ मुखपट्टीच्या आतल्या थरातल्या तंतूंवर तसाच विद्युतभार कायमचा बसवलेला असतो. कण भोकातून जाऊ पाहतो आणि वाटेत तंतूला चिकटतो. मोठे कण वळण घेता न आल्याने आपटतात, अगदी बारीक कण सैरभैर भटकत आपटतात. निसटण्याची शक्यता सर्वांत जास्त ती ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांची. म्हणून परीक्षा त्याच मापावर घेतात आणि त्यातले किमान ९५ टक्के अडले पाहिजेत. नावातला आकडा हा. विषाणू तर एकटा फिरतही नाही, तो श्वासातल्या ओलसर कणावर स्वार असतो.

यावरून दोन गोष्टी आपोआप कळतात. एन-९५ धुवायची नसते आणि तिच्यावर सॅनिटायझर मारायचे नसते, कारण भार उतरतो आणि राहते नुसते फडके. आणि ती गालाला घट्ट बसली पाहिजे. बाजूने फट राहिली तर हवा सोपी वाट धरते, मग मधला थर कितीही उत्तम असो. दाढीवर ती बसत नाही. कानाला अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे पट्टे बरे. पुढे बटणासारखी झडप असलेली घेऊ नये. तिच्यातून आपला उच्छ्वास न गाळता दुसऱ्याच्या तोंडावर जातो. खोक्यावर आयएस ९४७३ हे भारतीय मानक आहे का ते पाहावे. तीन पदरी वैद्यकीय मुखपट्टी याहून कमी, पण उपयोगाची. साडीच्या काठाशी जुळणारी कापडी मुखपट्टी दिसायला छान असते, एवढेच मी म्हणेन.

हे सगळे प्रयोगशाळेत ठीक, पण गावात काय होते? याचा मोठा प्रयोग शेजारी बांगलादेशात झाला. सहाशे गावे, तीन लाखांहून अधिक प्रौढ. निम्म्या गावांत मुखपट्ट्या फुकट वाटल्या, वापरायला प्रोत्साहन दिले, बाकीच्या गावांत नाही. वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांपर्यंत गेला. म्हणजे एवढे करूनही निम्म्याहून अधिक लोकांनी लावली नाही. वैद्यकीय मुखपट्टी वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला करोना सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला, आणि साठीपुढच्यांत ३५ टक्क्यांनी. कापडीचा फायदा स्पष्ट दिसला नाही. नंतर २०२३ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला आणि 'मास्कचा उपयोगच नाही' असे मथळे आले. आढावा प्रसिद्ध करणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या मुख्य संपादकांना खुलासा करावा लागला की असा अर्थ काढणे चूक आहे. लोकांना 'वापरा' असे सांगून किती फरक पडतो, याची ती तपासणी होती, आणि तिचे उत्तर 'खात्रीने सांगता येत नाही' असे होते. हेल्मेट वाटल्याने अपघाती मृत्यू किती घटले याचा हिशोब मांडला, आणि निम्मी हेल्मेटे आरशाला लटकलेली असली, तर त्या आकड्यावरून हेल्मेट मजबूत आहे की नाही ते कसे कळणार?

म्हणून त्या आईला मी म्हटले, मुलांना मास्क नको, ताप-खोकला असेल तेव्हा शाळेत मात्र पाठवू नका, आणि शिक्षकांना वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवायला सांगा. पर्वतीवाल्यांना म्हटले, रोज जा, पण तुम्हालाच सर्दी झाली तर भिशीच्या खोलीत जाऊन बसू नका, बसलातच तर मुखपट्टी तुम्ही लावा. केमोथेरपी चालू असलेले, प्रत्यारोपण झालेले, दम्याचा जुना त्रास असलेले, फार वृद्ध, आणि अशांची सेवा करणारे, यांनी मात्र दवाखान्यात, बंद गाडीत आणि भरलेल्या सभागृहात ती लावावी. बातमी असो की नसो. फ्लूचे आणि क्षयाचे कण काही बातमीची वाट पाहत नाहीत.

सरांना लोकांच्या हसण्याचे काय करायचे, याचे औषध माझ्याकडे नव्हते. सक्तीच्या काळात मुखपट्टी न लावणारा गुन्हेगार ठरे, आता लावणारा विक्षिप्त ठरतो. लोक त्याच्यापासून दोन खुर्च्या दूर सरकतात, यालाच काहीतरी झालेले दिसते म्हणून. मी त्यांना एवढेच सांगितले की चांगली बसणारी एन-९५ लावा, दाराजवळची खुर्ची धरा, पंगतीत बसू नका, आणि ताप वाटला तर दोन दिवस वाट न बघता त्याच दिवशी मला फोन करा.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. मला धसका बसला. पण ताप नव्हता. अक्षता दारातूनच टाकल्या म्हणाले. भाची व्यासपीठावरून उतरून दारापर्यंत आली, नमस्कार करून गेली, आणि तिच्या सासरच्या एका आजोबांनी, त्यांनाही डायलिसिस चालू होते, हा मास्क कुठे मिळतो म्हणून विचारले.

"आणि जेवण?" मी विचारले.

"डबा घेऊन आलो रे. बाईंना आणि मला पुरला. जिलबी तेवढी मऊ पडली होती."